वाजविणाऱ्याचे नाव काय?

देवालयाच्या उत्सवाची निमंत्रणपत्रिका हा आपल्या समाजाच्या मनाचा आरसा आहे. कोणत्याही देवस्थानची एखादी पत्रिका हाती घ्यावी आणि सावकाश वाचावी. आरंभी श्रींचे नाव; त्याखाली अध्यक्ष, उपाध्यक्ष, चिटणीस, खजिनदार आणि कार्यकारी मंडळाचे सभासद; पुढे महाप्रसादाचे यजमान, मंडपाचे दाते, फुलांचे दाते, विद्युत् रोषणाईचे दाते; नंतर कीर्तनकारबुवांचे नाव, गावासह; प्रमुख पाहुण्यांचे नाव, पदव्यांसह. आणि कोठेतरी, पालखीच्या वेळेच्या शेजारी, तीन शब्द : ‘वाजंत्र्यांच्या गजरात पालखी’. ज्याच्या फुंकेवाचून ती पालखी देवळाचा उंबरठा ओलांडीत नाही त्या सनईवाल्याला या पत्रिकेत नाव नाही. ज्याच्या टिपरीवर भालदार-चोपदारांचे पाऊल पडते त्या चौघडेवाल्यालाही नाव नाही. विजेच्या पंख्याच्या पात्यावर मात्र ‘अमुक यांच्या स्मरणार्थ’ असे रंगविलेले असते. पंखा फिरू लागला की ते नावही फिरते आणि वाचता येत नाही, ही गोष्ट वेगळी!

ही बाब किरकोळ आहे असे ज्यांना वाटत असेल, त्यांच्याशीच आमचा वाद आहे. आमचे म्हणणे एवढेच की, जो समाज वाजविणाऱ्याचे नाव विसरतो तो काही काळाने वाद्य विसरतो, मग चाल विसरतो, आणि शेवटी आपण काही विसरलो आहोत हेही विसरतो. या म्हणण्याच्या पुष्टीसाठी आम्ही उदाहरण घेणार आहो ते फार दूरचे आणि आपल्या वाचकांपैकी काहींना रुचणार नाही असे : विलायतेतील जॅझच्या रसिकाचे.

जॅझ हे मूळचे इंग्रजांचे संगीत नव्हे. अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाचे, गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या मुलानातवंडांचे ते संगीत. इंग्लंडात त्याचे वेड पसरले ते मुख्यतः तबकड्यांवरून. तेथील वादकांच्या संघटनेच्या आग्रहामुळे १९३५ पासून सुमारे वीस वर्षे अमेरिकन वाद्यवृंदांना त्या देशात वाजविण्यास जवळजवळ बंदीच होती. १९५६ च्या सुमारास ती सैल झाली. म्हणजे एका संपूर्ण पिढीने आपल्या आवडीचे वादक डोळ्यांनी पाहिलेच नाहीत. १९३३ पासून लंडनमध्ये आणि मागाहून इतर शहरांत ‘रिदम क्लब’ निघाले. कारकून, शाळामास्तर, गिरणीतील कामगार अशी साधी माणसे संध्याकाळी जमत, तबकडी लावीत, आणि ती संपली की वाद घालीत. वाद कशावर? तर हा कर्णा कोणी फुंकला, या ढोलावर कोण बसला होता, यावर. तबकडीच्या कागदावर केवळ वृंदाचे नाव असे; आतील माणसांची नावे या मंडळींनी पत्रे लिहून, जुन्या वादकांना विचारून, कानाने ओळखून शोधून काढली. ब्रायन रस्ट नावाच्या, काही काळ बी.बी.सी.च्या ध्वनिमुद्रिका-ग्रंथालयात काम केलेल्या एका इंग्रजाने जुन्या जॅझ मुद्रिकांची सूची सिद्ध केली आणि १९६१ पासून तिच्या आवृत्त्या निघत गेल्या. हजारो मुद्रिका, आणि प्रत्येकीपुढे मुद्रणाची तारीख, गाव आणि उपलब्ध असतील तितकी वादकांची नावे! कोणा सरकारने हे करविले नाही. हौशी माणसांनी, आपला रोजचा चहा, पाऊस आणि लोकलगाडी सांभाळून, हे केले.

फिलिप लार्किन हा याच जातीचा रसिक. तो हल येथील विद्यापीठाचा ग्रंथपाल आणि इंग्रजीतील नामांकित कवी. १९६१ ते १९७१ या काळात ‘डेली टेलिग्राफ’ या वृत्तपत्रात तो जॅझ मुद्रिकांवर लिहीत असे. त्यांतील बरेचसे लेख १९७० साली ‘ऑल व्हॉट जॅझ’ या नावाने पुस्तकरूपाने निघाले. संगीताने सामान्य श्रोत्याच्या दैनंदिन जीवनाशी असलेले नाते तोडता कामा नये, हा त्याचा हट्ट. त्या हट्टापायी नव्या जॅझवर त्याने अन्यायही केला. पण आम्हांला सांगावयाचे आहे ते निराळे. त्याच्या मृत्यूनंतर, १९९२ साली, त्याची खाजगी पत्रे प्रसिद्ध झाली आणि त्यांत कृष्णवर्णीयांविषयी अत्यंत हीन उद्गार सापडले. म्हणजे हा माणूस मनाने पूर्वग्रहांतून सुटलेला नव्हता. तरीही लेख लिहावयास बसला की त्याला त्याच कृष्णवर्णीय वादकांची नावे घेऊन, त्यांचे गुण एकेक करून मांडावे लागत. सिडनी बेशे या न्यू ऑर्लीन्सच्या वादकावर तर त्याने आदराने कविता लिहिली. कानाच्या शिस्तीने मनाच्या क्षुद्रतेवर तेवढ्यापुरती तरी मात केली. आता आपण विचार करावा : वर्णद्वेष्ट्या माणसालाही जी शिस्त पाळावी लागली ती आपण, जे देवापुढे सर्व समान म्हणून नित्य हात जोडतो, पाळतो काय?

एक प्रसिद्ध गोष्ट घेऊ. १९७७ साली अमेरिकेने ‘व्हॉयेजर’ नावाची दोन याने अंतराळात धाडली. त्यांवर पृथ्वीवरील निवडक ध्वनींची सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे. तीत भारताच्या वाट्याला एकच मुद्रिका आली : सूरश्री केसरबाई केरकर यांनी गायिलेली भैरवी, ‘जात कहाँ हो’. फोंडे महालातील केरी गावची, देवालयाच्या सेवेत ज्यांच्या पिढ्या गेल्या अशा कलावंत घराण्यातील ही कन्या. तिच्या शेजारी त्याच तबकडीवर लुई आर्मस्ट्राँग आणि त्याच्या ‘हॉट सेव्हन’ वृंदाचे १९२७ सालचे ‘मेलँकली ब्लूज’ आहे. यानावरील यादीत केसरबाईंच्या साथीदारांची नावे नाहीत. आर्मस्ट्राँगच्याही साथीदारांची नाहीत. येथवर दोघे सारखे. पण आता विलायतेतील एखाद्या मुरलेल्या रसिकाला विचारा. तो सांगेल : क्लॅरिनेटवर जॉनी डॉड्स, ढोलावर त्याचा भाऊ बेबी डॉड्स, पियानोवर लिल हार्डिन, बँजोवर जॉनी सेंट सिर, ट्यूबावर पीट ब्रिग्ज, आणि ट्राँबोन किड ओरीचा की जॉन टॉमसचा, यावर तो आणखी अर्धा तास बोलेल. त्याच न्यायाने आपल्या दहा अभिमानी वाचकांना विचारा की, आकाशापलीकडे गेलेल्या त्या भैरवीत केसरबाईंना साथ कोणी केली? आम्ही अभिमानाने भाषणे करतो, टपाल तिकिटाएवढे छायाचित्र छापतो, परंतु हा प्रश्न आम्हांला सुचतदेखील नाही. नाव न आठवणे क्षम्य आहे. न विचारणे क्षम्य नाही.

गोव्याच्याच दुसऱ्या लेकरांकडे पाहावे. पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या शाळांतून ख्रिस्ती मुलांना स्वरलिपी वाचण्याचे आणि व्हायोलिन धरण्याचे शिक्षण मिळे. ती मुले पुढे मुंबईस आली. रात्री हॉटेलांत जॅझ वाजवीत आणि दिवसा चित्रपटांच्या मुद्रणाला बसत. हळदोण्याचा अँटोनियो झेव्हियर वाझ, ज्याला मुंबई ‘चिक चॉकलेट’ म्हणून ओळखी, आपल्या ट्रंपेटसह १९५१ च्या ‘अलबेला’च्या संगीतात आहे, त्या संगीतासाठी आपण पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांना योग्य तेच श्रेय देतो, पण वाझचे नाव घेत नाही. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांमागे भरून येणारा वाद्यमेळ सेबॅस्टियन डिसोझा यांनी रचलेला असे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनचे असे शिक्षक की, प्यारेलाल त्यांचे शिष्य. १९५८ साली मुंबईत त्यांनी भारतीय रागांवर आधारलेल्या वाद्यवृंदाचा प्रयोग केला आणि त्यात लता मंगेशकर व मन्ना डे गायिले. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटात शिष्याने गुरूचे नाव एका गाण्यात घातले. सारा देश ते नाव गुणगुणला. आणि साऱ्या देशाने ते पडद्यावरील पात्राचे नाव मानले! नाव घरोघरी, माणूस अज्ञात. याहून बोचरी थट्टा कोणती?

देवालयातील कलावंत आणि चर्चच्या शाळेतील वादक ही एकाच मातीतील दोन रोपे. एकाला आपण ‘नीच सेवा’ म्हणून दूर ठेवले, दुसऱ्याला ‘परक्यांचे’ म्हणून. दोघांच्याही स्वरांवर आपल्या तीन पिढ्यांची करमणूक आणि भक्ती पोसली.

आता कोणी म्हणेल, गोवा-मुंबईची गोष्ट सोडा. आमच्या आडगावी यांपैकी काय आहे? म्हणून मुद्दाम आडगावाचेच उदाहरण घेऊ. निर्मळहून आदिलाबादेकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर नेरडीगोंडा हे गाव आहे. याच मंडलात कडेम नदीवर कुंतालाचा प्रचंड धबधबा आहे; तेथील सोमेश्वराच्या दर्शनास महाशिवरात्रीला भाविक लोटतात. १९५६ पर्यंत हा जिल्हा हैदराबाद राज्यात होता. त्या साली किनवट आणि राजुरा मुंबई राज्यात आले. नेरडीगोंडा आंध्र प्रदेशात गेले, आणि २०१४ पासून ते तेलंगणात आहे. नकाशावरील रेघ पाहून मराठी काही थांबली नाही. या पट्ट्यात ती आजही घरांत आणि बाजारांत ऐकू येते.

आणि येथेच, या डोंगराळ मुलखात, परधान नावाचा समाज आहे. राजगोंडांचे हे वंशपरंपरागत भाट. यांच्या घरची भाषा मराठी, आणि यजमानापुढे गाणे गोंडीतून! १९४० नंतरच्या दशकात निजाम सरकारच्या काळी येथे राहिलेल्या फ्यूरर-हायमेनडोर्फ या पंडिताने राजगोंडांवर १९४८ साली ग्रंथ लिहिला, त्यात परधानांच्या या कार्याचे सविस्तर वर्णन आहे. गजाने वाजविण्याची किक्री आणि सनईच्या जातीचे पेप्रे ही त्यांची वाद्ये. गोंडांच्या कोणत्या कुळाचा देव कोणता, पूर्वज कोठून आले, कोणत्या सगास कोणाशी सोयरीक चालते, हे सारे परधान गाऊन सांगतो. विचार करा : ज्याने दुसऱ्यांची कुळे पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत राखली, त्याचे स्वतःचे नाव कोणाच्या मुखी आहे? दिवाळीच्या दिवसांत दंडारीचे मेळे गावोगाव निघतात, मोरपिसांचे टोप घातलेले गुसाडी नाचतात. त्या नृत्यासाठी कनकराजू यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली आणि २०२४ साली ते निवर्तले. एका नर्तकाचे नाव दिल्लीपर्यंत गेले याचा आनंद मानावा. परंतु ज्यांच्या ढोलाच्या ठेक्यावर ते पाऊल पडे, त्या हातांची नावे शेजारच्या गावालाही माहीत असू नयेत काय?

आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे पोटासाठी अशाच दूरच्या मुलखांत गेली आहेत. कुळदेवता गोमंतकात, दुकान वा नोकरी परमुलखात. वर्षा-दोन वर्षांनी कुळदेवतेच्या दर्शनास जाऊन आपण कुळाव्यांच्या वहीत आपले नाव लिहितो. आपले नाव देवाच्या दारी लिहिलेले असावे, ही ओढ आपल्याला कळते. तीच ओढ वाजविणाऱ्यालाही असेल, हे मात्र आपल्याला सुचत नाही.

या म्हणण्यावर जे आक्षेप येतील ते आम्हांला ठाऊक आहेत. पहिला आक्षेप भक्तीचा. देवाची सेवा निनावीच असावी, नाव मिरविणे हा अहंकार, असे म्हणतात. हा आक्षेप संगमरवरी पाट्या लावणाऱ्यांच्या तोंडून यावा ही मौजच आहे. निनावीपणा पुण्यकारक असेल तर तो प्रथम दात्यांनी आचरावा. शिवाय आपल्या संतांची रीत काय सांगते? नामदेव, जनाबाई, तुकोबा, सगळ्यांनी अभंगाच्या शेवटी आपली नाममुद्रा ठेवली. देवापुढे पूर्ण लीन झालेली ही माणसे. त्यांना आपले नाव घेताना अहंकार वाटला नाही. बोलणारा कोण हे सांगणे म्हणजे बोलण्याची जबाबदारी घेणे होय. तीच गोष्ट वाजविण्याची.

दुसरा आक्षेप शुद्धतेचा. मद्यगृहांतून वाढलेल्या संगीताचा दाखला देवालयाला कशाला, असे विचारले जाईल. जॅझ मद्यगृहांत वाजले हे खरे. ते न्यू ऑर्लीन्सच्या प्रेतयात्रांतही वाजले. स्मशानाकडे जाताना संथ शोकस्वर, परतताना जीवनाचा उल्हास. १९६५ साली ड्यूक एलिंग्टन याने सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रेस कॅथीड्रलमध्ये आपल्या वृंदासह ईश्वरस्तुतीचे संगीत सादर केले. आणि शुद्धतेचा हिशोब मांडावयाचाच तर तो आपल्याही अंगणात मांडावा. ज्या कलावंत स्त्रियांच्या कंठावर देवाची पहाट होत असे, त्यांच्याच माथी समाजाने कलंक लावला. संगीत मलिन नव्हते. आपली दृष्टी मलिन होती. घुमट, शामेळ आणि कांसाळें यांच्या साथीने चवथीची आरती घुमते तेव्हा त्या घुमटाला कोणी जात विचारीत नाही. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा-वाद्य ठरविले. वाद्याला मान मिळाला, उत्तम झाले. आता वादकाकडे वळावे.

तिसरा आक्षेप परंपरेचा. पूर्वी देवस्थाने वाजंत्र्यांना जमिनी देत, वर्षासने देत. त्यांचा योगक्षेम चालत होता, मग नावाचे हे नवे खूळ कशाला? उत्तर असे की, त्या व्यवस्थेत भाकरी होती पण तिच्याबरोबर पायरीही ठरलेली होती : तू येथवर उभा राहा, याच्या आत येऊ नकोस. ती व्यवस्था परत आणा असे आम्ही म्हणत नाही. कोणीही म्हणू नये. पण जमीन गेली, वर्षासन आटले, आणि त्यांच्या जागी काय आले? विजेच्या बटणावर नगारा, झांज आणि घंटा एकदम बडविणारे यंत्र आले. त्याला लय नाही, विसावा नाही, आरतीचे कडवे संपले की नाही याची जाणीव नाही. त्यावर देणगीदाराचे नाव मात्र ठळक असते. ज्या देवळात लयभास्कर खाप्रुमामा पर्वतकरांसारखा तालाचा प्रभू जन्मास घालणाऱ्या भूमीचा अभिमान सांगितला जातो, तेथेच हे यंत्र ठणठणत राहावे, याची लाज वाटू नये काय?

नावे जाणून घेण्याची ही सवय विलायतेकडून उसनी आणावयाची नाही, हेही येथे स्पष्ट केले पाहिजे. बालगंधर्वांच्या नाटकाला जाणारा आपला आजा ‘तबल्यावर कोण?’ असे विचारूनच तिकीट काढी. अहमदजान थिरकवाँचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी ही नावे त्याच्या ओठांवर असत. ती माणसे परधर्माची आहेत, याची त्याला अडचण वाटली नाही. सवय आपलीच आहे. नाटकगृहात ती राहिली आणि देवळाच्या पायरीशी आपण ती काढून ठेवली.

म्हणून आमची प्रत्येक देवस्थान-मंडळाकडे तीन मागण्या आहेत. पहिली, उत्सवाच्या पत्रिकेत प्रत्येक वादकाचे नाव, वाद्य आणि गाव छापावे. दात्यांच्या नावांच्या खाली नव्हे, कीर्तनकारांच्या रांगेत. दुसरी, वादकांचे मानधन वार्षिक हिशोबात ‘किरकोळ खर्च’ या सदरात दडवू नये. त्याची स्वतंत्र ओळ असावी, आणि रक्कम उत्सव संपण्यापूर्वी ज्याची त्याच्या हाती द्यावी. केवळ नाव छापून पोट भरत नाही. लार्किनच्या पत्रांनी एक गोष्ट शिकविली आहे : नाव घेणे म्हणजे न्याय करणे नव्हे, ती न्यायाची पहिली पायरी आहे. तिसरी, देवळात एक वादकवही ठेवावी. कोणी वाजविले, कोणाकडून शिकला, काकडआरतीस कोणती चाल, पालखीस कोणती, शेजारतीस कोणती, हे त्याच्याच तोंडून ऐकून लिहावे. त्याची संमती असेल तर मुद्रित करावे. या तीन कामांना मिळून एका वर्षाच्या रोषणाईच्या मानाने नगण्य खर्च येईल.

विलायतेतील त्या कारकुनांना अमेरिकेचा वादक दिसत नव्हता, तरी त्यांनी समुद्रापलीकडून त्याचे नाव शोधून काढले. आपला वादक आपल्याच देवळाच्या दाराशी, पायरीवर सनई पुसत बसलेला आहे. त्याचे नाव समजण्यास समुद्र ओलांडावा लागत नाही, विचारावे लागते. येत्या वार्षिक सभेत अहवाल वाचून झाला, हिशोब मंजूर झाला, आभार मानून झाले की, एखाद्या सभासदाने उठून हा एकच प्रश्न अध्यक्षांस करावा : आपल्या देवापुढे वर्षभर कोण वाजवितो, त्याचे नाव सांगा. उत्तर आले तर टाळ्या वाजवाव्यात. न आले तर सभा तहकूब करून ते विचारण्यासाठी सर्वांनी मिळून दाराशी जावे.